ट्रंका उघडा, पण आईला शेजारी बसवून

मेलबर्नच्या एका ताई लिहितात, "बाबांची सहस्रचंद्रदर्शन शांत डिसेंबरात आहे आणि जानेवारीत ठाण्याच्या नौपाड्यातलं घर रिकामं करून द्यायचंय, इमारत पुनर्विकासाला चालली. माळ्यावर ट्रंका, अल्बम, आईची भांडी. रजा तीन आठवड्यांची. हे म्हणतात, फोटो स्कॅन करू आणि बाकीचं देऊन टाकू. काय ठेवावं, काय टाकावं, कळत नाही." पुढे हॉल, रिटर्न गिफ्ट, मुलांचा कंटाळा आणि पणजीची समई.

ताई, वाचून जीव तुटला. तेवीस किलोच्या बॅगेत घर कोंबणं आपल्यापैकी कुणाला चुकलंय? पण थोडी रागावणारही आहे. काय ठेवावं हे तुम्ही मला विचारलंत, यांना विचारलंत. आईला विचारलंत का? अख्ख्या पत्रात त्या माउलीचं मत एका ओळीनेही आलेलं नाही.

मी नेहमी सांगते तेच पुन्हा सांगते: वस्तू ठेवा किंवा देऊन टाका, आधी तिची माहिती लिहून घ्या. आपल्याकडे ही रीत होतीच की, भांड्यांवर नाव घालायची. माझ्या सासूबाईंचा स्टीलचा डबा आज डेट्रॉइटला माझ्या ओट्यावर आहे, पोह्यांचा. त्यावर बारीक ठिपक्यांनी कोरलंय, 'सौ. ताईस मावशीकडून, २२-५-६८'. तेवढ्यावरून माझी लेक आजीच्या लग्नाची सगळी हकिगत सांगते.

उलट माझ्या माहेरचा एक फोटो आहे, तलावपाळीवरचा. काका, आत्या आणि मधोमध नऊवारीतली एक बाई. तिच्या कडेवर माझे वडील, जेमतेम दोन वर्षांचे. ही बाई कोण, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. मागे फोटो छापणाऱ्या दुकानाचा शिक्का तेवढा आहे. तो फोटो कितीही चांगला स्कॅन केला, तरी त्या बाईचं नाव मिळणार नाही.

म्हणून हॉलच्या आधी हे काम. दुपारी जेवणं आटोपली की आईजवळ बसा, फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि एकेक फोटो तिच्या हातात द्या. साल आठवत नसेल तर "गडकरी रंगायतन व्हायच्या आधीचा की नंतरचा?" असं विचारा, ते नाट्यगृह १९७८ सालचं, ठाणेकरांना बरोबर आठवतं. फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव, साल लिहा. बॉलपेन नको, दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाईही पसरते. रंगीत फोटोंच्या गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उठत नाही; तिथे कागदी पाकिटावर आधी लिहावं आणि मग फोटो आत घालावा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, फाटतात. निघत नसतील तर पानासकटच स्कॅन करा. लहान फोटोंना ६०० डीपीआय ठेवा. शालू प्लास्टिकच्या पिशवीतून काढून धुतलेल्या सुती कापडात, घडी बदलून ठेवा. नाहीतर शालूची जर घडीच्या त्याच रेघेवर तुटते.

आणि शांतीच्या दिवशी अल्बम घरी ठेवू नका. हजार पौर्णिमा एक्क्याऐंशीव्या वर्षात भरतात. त्या वयाच्या माणसाचे सोबती पुन्हा एवढ्या संख्येने एकत्र येतील, याचा भरवसा नाही. जेवणानंतर अल्बम टेबलावर मांडा, पेन्सिल घेऊन भाचीला बसवा. आईला न आठवलेली नावं बाबांचे ऑफिसातले मित्र सांगतील. आमच्याकडे काकांच्या पंचाहत्तरीला असंच केलं, तर जेवण उरकूनही पंगतीतलं कुणी निघेना.

हॉल जवळचा आणि लिफ्टचा बघा, बाकी काही पाहू नका. रिटर्न गिफ्ट देऊच नका. मुलांना रेकॉर्डिंगचं काम द्या, कंटाळणार नाहीत.

समईचं मात्र जपून. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा कलावस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ती आपल्याला देशाबाहेर नेता येत नाही. वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आधीच चौकशी करा. लाकडी देव्हारा नेणार असाल तर मेलबर्नला उतरल्यावर फॉर्मवर तसं लिहा, आणि निघण्यापूर्वी त्याला कीड नाही ना, हे उन्हात धरून नीट बघून घ्या.