जानेवारीत डोंगरी पक्षी बघायचे तर वर चढू नका

तुम्ही विचारलंय की जानेवारीत इंदूरहून चार-पाच दिवस काढून बर्फातले डोंगरी पक्षी बघायचेत, तर किती उंचीवर जावं. माझं ऐकाल तर चढू नका, उतरा.

मीही पहिल्या वर्षी तुमच्यासारखाच निघालो होतो. उत्तराखंडातल्या चोपत्याच्या रस्त्यावर गुडघाभर बर्फ, दोन दिवस रजईत, आणि वहीत नोंद काय, तर कावळे! बर्फ पडला की किडे संपतात, दाणे झाकले जातात, मग पक्षी खाण्याच्या शोधात खाली सरकतात. मोनाल या रानकोंबड्यासारख्या हिमालयी पक्ष्याची गोष्ट वेगळी. तो चोचीने बर्फ उकरून खाणारा गडी, पण थंडीत तोही दोन-अडीच हजार मीटरपर्यंत उतरतो.

त्यापेक्षा उत्तराखंडातच पायथ्याला, रामनगरजवळ गर्जियाला कोसी नदीच्या काठी बसा. तिथे हिवाळ्यात आयबिसबिल येतो. राखाडी गोट्यांत राखाडी पक्षी, त्यामुळे दुर्बीण फिरवत बसायचं, एखादा गोटा चालायला लागला की तोच. चोच लाल आणि खाली वाकलेली. उन्हाळ्यात उंच कड्यांवर राहणारा वॉलक्रीपरही तिथल्या दगडी काठांवर मिळू शकतो. भिंतीला चिकटलेला असताना अगदी सामान्य दिसतो, पण पंख उघडले की किरमिजी रंग असा चमकतो की सोबतच्याला हाक मारायचंही राहून जातं.

आणि रजा मिळाली नाही तर? मग घरीच बघा. आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या गच्चीवर दर हिवाळ्यात थिरथिरा येतो, म्हणजे ब्लॅक रेडस्टार्ट. लडाख-तिबेटकडे घरटं करणारा हा पक्षी इथे पाण्याच्या टाकीवर बसून तांबूस शेपटी थरथरवत असतो. आई त्याला चिमणी समजायची.

पुढचं काम इंदूरजवळच्या चोरल आणि पातालपाणीकडच्या नाल्यांत. वाहत्या पाण्याच्या कडेला करडा धोबी, म्हणजे ग्रे वॅगटेल, बघा. नाव करडा, पण पोट पिवळं, आणि शेपटी सारखी वरखाली. झाडाच्या उघड्या शेंड्यावर ताठ बसून किड्यांवर झेपावणारा मोरपंखी निळा पक्षी दिसला तर तो व्हर्डिटर फ्लायकॅचर, हिमालयातून उतरलेला. छाती नारिंगी असेल तर मात्र तो टिकेल्स ब्लू फ्लायकॅचर, इथलाच बारमाही. पहिल्या वर्षी या दोघांत मी सपशेल गोंधळलो होतो.

पहाटे पाचला उठून कुडकुडण्यात अर्थ नाही. दरीत ऊन उशिरा पोचतं, आणि किडे ऊन लागल्याशिवाय हलत नाहीत. त्यामुळे पोहे-जिलेबी खाऊन निघा, साडेआठला नाल्यात असलात तरी पुरे. जिथे ऊन आधी पडतं त्या उतारासमोर उभे राहा. फिरत बसू नका. दहा-बारा लहान पक्ष्यांचा मिश्र थवा आपणहून समोरून जातो, आणि त्यातच एखादा पाहुणा असतो.

दुर्बीण आठ गुणिले बेचाळीसची घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची. दहापटीची हातात हलते, आणि नाल्यातल्या मिणमिणत्या उजेडात आठपटीचीच जास्त उजळ दिसते. मोबाईलवर आवाज लावून पक्षी बोलावणारे भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा.

परतीच्या वाटेवर कालाकुंड स्टेशन लागलंच तर तिथला कलाकंद सोडू नका.