निवृत्तीनंतरचा करार : कर्मचारी की सल्लागार?

प्रश्न : भोसरी येथील वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यातून, मेंटेनन्स विभागातील वरिष्ठ अभियंता म्हणून मी नुकताच वयाच्या ६० व्या वर्षी निवृत्त झालो. आता कंपनीने मला ११ महिन्यांच्या करारावर दरमहा ४५,००० रुपये देऊन परत बोलावले आहे. पत्रात माझा उल्लेख ‘सल्लागार’ असा असला तरी कामाची वेळ पूर्वीचीच असून गेटवर पंचिंगही करावयाचे आहे. पीएफ कार्यालयाकडून मला जेमतेम साडेसहा हजार रुपये पेन्शन मिळते. ती बंद होईल का? कर किती कापला जाईल? आणि हे काम मी स्वीकारावे का? – एक वाचक, भोसरी

उत्तर : आपली पेन्शन बंद होणार नाही. कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ नुसार वयाच्या ५८ व्या वर्षी सुरू झालेली पेन्शन, त्यानंतर पुन्हा काम स्वीकारले म्हणून थांबत नाही. मात्र नव्या कामामुळे ती वाढणारही नाही, कारण ५८ वर्षांनंतर या योजनेत नवी वर्गणी जमा होत नाही. ज्यांची पेन्शन १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर मोजली गेली आहे, त्यांना तीस-पस्तीस वर्षे राबूनही तुटपुंजी रक्कमच हाती येते. त्यामुळे निवृत्तीनंतर काम शोधणे ही अनेक घरांत हौस नसून गरज आहे, आणि त्यात संकोच वाटण्यासारखे काहीही नाही.

आपल्या पत्रातील खरा प्रश्न आपण विचारलेल्या तीन प्रश्नांच्या आधीचा आहे. कंपनी आपणास कर्मचारी म्हणून घेत आहे की सल्लागार म्हणून? जो ठरलेल्या वेळी येतो, हजेरी लावतो आणि वरिष्ठांच्या आदेशानुसार काम करतो, तो व्यवहारात कर्मचारीच असतो. सल्लागार आपल्या पद्धतीने काम करून देतो आणि त्याचे बिल देतो. आपल्याकडून कर्मचाऱ्याची शिस्त अपेक्षित असून कागदावर मात्र सल्लागाराचा दर्जा दिला आहे. ही विसंगती करारावर सही करण्यापूर्वीच दूर करून घ्यावी, कारण पुढील प्रत्येक बाब तिच्यावर अवलंबून आहे.

सर्वांत महत्त्वाची बाब अपघाताची आहे. मेंटेनन्सचे काम म्हणजे ब्रेकडाउनच्या वेळी प्रेसखाली वाकणे, शटडाउनमध्ये उंचावर चढणे आणि विजेच्या पॅनेलजवळ उभे राहणे. कर्मचाऱ्यास कामावर इजा झाल्यास नुकसानभरपाईचा कायदेशीर हक्क असतो. सल्लागार म्हणून सही करणाऱ्यास तो हक्क आधी वाद घालून सिद्ध करावा लागू शकतो, आणि तो वाद बहुधा त्याच्या कुटुंबालाच घालावा लागतो. शिवाय नोकरीत असताना मिळणारा समूह आरोग्य विमा निवृत्तीबरोबर संपलेला असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून कंपनीने स्वखर्चाने आपला वैयक्तिक अपघात विमा उतरवावा, आणि यंत्र बंद करून सुरक्षित केल्याच्या कागदावर अंतिम सही कोणाची राहील, हे करारात स्पष्ट लिहावे. मानधनात दोन-तीन हजार कमी पडले तरी चालतील, परंतु हे कलम सोडू नये, असे माझे ठाम मत आहे.

आता कराविषयी. सल्लागाराच्या व्यावसायिक शुल्कावर सर्वसाधारणपणे १० टक्के टीडीएस कापला जातो, म्हणजे वर्षभर काम चालू राहिल्यास ५,४०,००० रुपयांवर ५४,००० रुपये. बँकेतील व्याजावर कर कापू नये म्हणून ज्येष्ठ नागरिक जो अर्ज देतात, तो येथे चालत नाही. तथापि आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नावर, सवलतीमुळे, प्रत्यक्ष कर भरावा लागत नाही. पेन्शन आणि ठेवींचे व्याज धरूनही आपले उत्पन्न या मर्यादेत राहत असेल, तर कापलेली रक्कम विवरणपत्र भरल्यानंतर परत मिळेल. अभियांत्रिकी व तांत्रिक सल्ल्याच्या व्यवसायात, पात्र असल्यास, एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखविण्याची अनुमानित पद्धतही उपलब्ध आहे. परंतु ज्याचे काम उघडपणे नोकरीसारखे आहे, त्याने केवळ कर वाचविण्यासाठी तिचा आधार घेऊ नये; प्राप्तिकर अधिकारी ते उत्पन्न वेतन म्हणून धरू शकतो. जीएसटीची नोंदणी वार्षिक २० लाखांच्या आत सहसा लागत नाही, त्यामुळे ती चिंता आपणास नाही. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही : ६० वर्षांवरील नागरिकांना आगाऊ करातून, म्हणजे वर्ष संपण्यापूर्वीच हप्त्यांनी भरावयाच्या करातून, मिळणारी सूट व्यावसायिक उत्पन्न सुरू होताच जाते. आपले एकूण उत्पन्न १२ लाखांवर गेल्यास हा मुद्दा आपल्या कर सल्लागाराला आवर्जून विचारावा.

कंपनीने आपणास मुदतीचा कर्मचारी म्हणून घेतले, तर चित्र बदलते. दि. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार मुदतीच्या कर्मचाऱ्यास एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. करार ११ महिन्यांचा का, आणि नूतनीकरणाच्या वेळी मध्ये काही दिवसांचा खंड ठेवणार का, हे या पार्श्वभूमीवर कंपनीला विचारावे. निवृत्तीच्या वेळी मिळालेली ग्रॅच्युइटी आणि पुढे मिळणारी, या दोन्ही मिळून करमुक्तीची आयुष्यभराची मर्यादा २० लाख रुपयांचीच आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

या अटी मान्य झाल्यास काम जरूर स्वीकारावे, मात्र ‘देखभाल विभागास साहाय्य’ अशा मोघम शब्दांवर नव्हे. कोणती यंत्रे, आठवड्यातील किती दिवस, रात्रपाळी असेल की नाही, आणि कोणत्या तरुण अभियंत्यांना आपण तयार करून द्यावयाचे, हे लिहून घ्यावे. आपली किंमत आपल्या अनुभवात आहे; तो पुढच्या हातांत न देता कंपनीने आपणास केवळ एक रिकामी खुर्ची भरण्यासाठी वापरणे, हे आपल्यावर आणि त्या तरुणांवरही अन्यायाचे ठरेल.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळेतून गेल्या वर्षी ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. पेन्शन सुमारे ४०,००० रुपये आहे. निवृत्त शिक्षकांना मानधनावर नेमल्याचे ऐकते. तशी संधी मिळाल्यास पेन्शन कमी होईल का, आणि आपण नोकरीची वाट पाहणाऱ्या मुलांची जागा अडवतो का, अशी रुखरुख वाटते. – एक शिक्षिका

उत्तर : जुलै २०२३ मध्ये राज्य शासनाने रिक्त पदांवर निवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपये मानधनावर नेमण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हे मानधन पेन्शनव्यतिरिक्त होते आणि कमाल वय ७० वर्षे ठेवले होते. आपणास मिळणाऱ्या आदेशातील अटी त्या वेळच्या निर्णयाशी ताडून पाहाव्यात. पेन्शन आणि मानधन मिळून वर्षाला सुमारे ७,२०,००० रुपये होतील. नव्या करप्रणालीत त्यावर कर लागणार नाही, परंतु विवरणपत्र भरावे लागेल.

आपली रुखरुख रास्त आहे. डी.एड. होऊन ‘पवित्र’ पोर्टलवरील भरतीची वाट पाहणाऱ्या मुलांनी त्या वेळी या निर्णयास विरोध केला होता, आणि त्यांचे म्हणणे खरे होते. परंतु ती नेमणूक नियमित शिक्षक येईपर्यंतचीच होती. ज्या वाडीवरच्या शाळेत एकच शिक्षक चार वर्ग सांभाळत आहे, तेथे आपण गेलात तर कोणाची जागा अडत नाही आणि मुलांचे वर्ष वाया जात नाही. नियमित शिक्षक रुजू होताच नेमणूक आपोआप संपेल, असे वाक्य आदेशात आहे का ते पाहावे. नसल्यास गट शिक्षणाधिकाऱ्यांना तसे लेखी कळवून, पोच घेऊन, मगच रुजू व्हावे.