वाळणारे सायप्रस आणि मुळाशी साचलेले पाणी

प्रश्न : आमच्या घराच्या कुंपणालगत चार वर्षांपूर्वी सायप्रसची रांग लावली आहे. गच्चीच्या पाण्याचा पाइप ज्या टोकाला उतरतो, तिकडची दोन झाडे दिवाळीच्या सुमारास वाळली आणि आता तिसऱ्याचा रंग उतरू लागला आहे. माळीबुवांच्या मते पाणी कमी पडते. म्हणून पाणी वाढवले, युरिया दिला, कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशकही मुळाशी ओतले. उपयोग झाला नाही. काटोलजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) आहे. तो रोग तिथून आला असेल का? रिकाम्या जागी पुन्हा सायप्रस लावावेत का?
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून हा प्रकार फायटोप्थोरा या जमिनीतील रोगकारकामुळे होणाऱ्या मूळकुजीचा असावा. माळीबुवांचा अंदाज समजण्यासारखा आहे, कारण मुळे कुजलेले झाड आणि तहानलेले झाड वरून सारखेच दिसते. मात्र तहानलेल्या झाडाला पाणी दिले की ते सावरते, तर या रोगात प्रत्येक जादा पाण्याने उरलेली मुळेही जातात.

खात्री करण्यासाठी तिसऱ्या झाडाच्या बुंध्याजवळची माती चार बोटे बाजूला सारून चाकूने सालीचा पातळ पापुद्रा काढून पाहावा. निरोगी सालीच्या आतला भाग पांढरट असतो. रोगट भाग तांबूस-तपकिरी दिसतो आणि दोन्हींमधली सीमा रेघ ओढल्यासारखी स्पष्ट असते. त्यानंतर एखादे बारीक मूळ चिमटीत धरून ओढावे. वरची साल मोज्यासारखी निसटून आत नुसता दोरा उरला, तर शंकेला फारशी जागा नाही. एखाद-दुसरी फांदीच तपकिरी झाली असेल आणि बाकीचे झाड टवटवीत असेल, तर मात्र कारण फांदीवर शोधावे, मुळाशी नव्हे. मूळकुजीत संपूर्ण झाड आधी निस्तेज, मग पिवळट आणि शेवटी तपकिरी होते.

नुकसान पावसाळ्यात होते आणि ते दिसते ऑक्टोबरच्या उन्हात किंवा पुढच्या उन्हाळ्यात. या रोगकारकाचे चलबीजाणू पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात, त्यामुळे जमीन काही तास जरी तुडुंब राहिली तरी त्यांचे काम भागते. नागपूरची काळी, चिकण माती पाणी धरून ठेवते. तशा मातीत खड्डा खणून त्यात शेणखत आणि भुसभुशीत माती भरली की आजूबाजूचे पाणी त्या खड्ड्यातच उतरते आणि तिथून लवकर हलत नाही. त्यात आपल्याकडे गच्चीचा पाइपही तिथेच येतो. पहिले काम म्हणून पाइपचे तोंड वळवावे, पाणी बाहेर काढणारा उथळ चर काढावा आणि वापसा आल्याशिवाय, म्हणजे जादा पाणी निचरून माती नुसती ओलसर राहिल्याशिवाय, पाणी देऊ नये. युरिया थांबवावा, मुळेच नसलेल्या झाडाला नवी पालवी फोडायला लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

कार्बेन्डाझिमचा उपयोग न होणे स्वाभाविक होते. फायटोप्थोरा बुरशीसारखा दिसतो, पण खऱ्या बुरशीपेक्षा तो शेवाळांच्या एका गटाला जवळचा आहे, म्हणून ते औषध त्याच्यावर चालत नाही. मेटालॅक्सिलयुक्त औषधाची आळवणी (पाण्यात मिसळून मुळाशी ओतणे) किंवा फोसेटिल-अ‍ॅल्युमिनियमची फवारणी लेबलवरील प्रमाणानुसार करता येते. फोसेटिल-अ‍ॅल्युमिनियम पानांतून मुळांपर्यंत उतरते. ही औषधे रोगाची वाढ रोखतात, जमिनीतील सुप्त बीजाणू मारत नाहीत. त्यामुळे ती अजून हिरव्या असलेल्या झाडांसाठी वापरावीत. वाळलेली दोन्ही झाडे मुळांसह काढून टाकावीत.

काटोलच्या बागेबद्दल : डिंक्या आणि ही मूळकूज, दोन्ही फायटोप्थोराचीच करणी, परंतु प्रजाती बहुधा वेगळ्या असतात. संत्र्यावर मुख्यतः निकोशियानी ही प्रजाती आढळते, तर सायप्रसकुळातील झाडांवर जगभर सिनामोमी अधिक बदनाम आहे. रोग बागेतून येण्यापेक्षा रोपवाटिकेच्या पिशवीतील मातीतून आला असण्याची शक्यता मला जास्त वाटते. तरीही बागेतली फावडी आणि चिखलाचे बूट इकडे आणू नयेत, इथले तिकडे नेऊ नयेत. अमेरिकेतील ऑरेगॉनमध्ये लॉसन सायप्रसच्या नैसर्गिक जंगलात १९५२ मध्ये लॅटरॅलिस ही प्रजाती आढळली, आणि पुढे ती वाहनांच्या चाकांना लागलेल्या चिखलातून पसरत गेली. तिथे आता जंगलात शिरताना गाड्या धुवून घेतल्या जातात.

नक्की निदान हवे असल्यास महाराजबागेजवळील कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे चौकशी करावी. नमुना मेलेल्या झाडाचा नको. तिसऱ्या झाडाची बारीक मुळे आणि त्यांना लागलेली ओलसर माती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, ऊन न लागू देता न्यावी.

त्या दोन जागी पुन्हा सायप्रस लावू नयेत, त्याच कुळातली मोरपंखीही नको. मे महिन्यात माती भिजवून, पारदर्शक प्लॅस्टिकने चार ते सहा आठवडे झाकून तापवली तर वरच्या थरातील रोगकारक बरेच कमी होतात, मात्र कुंपणाची सावली पडत असेल तर हा खटाटोप करू नये. आडोसाच हवा असेल, तर जमिनीपासून दीड फूट उंच वाफा करून त्यात बांबू लावावा.