वाचकांचे प्रश्न : अकरावी विज्ञानच्या गणिताची पूर्वतयारी

प्रश्न : दहावीला गणितात नव्वदच्या वर गुण मिळतील असं वाटतंय. अकरावी विज्ञानला जाणार आहे. सगळे घाबरवतात, की तिथे भलेभले गणितात आपटतात. कॉलेज सुरू व्हायला दोन महिने आहेत. नेमकं काय करू? (विद्यार्थी, लातूर)

अकरावीचं पुस्तक सध्या राहू दे, नववीचं काढ. मुलं अडतात ती बहुतेक वेळा नव्या धड्यात नाही, त्या धड्यातल्या उदाहरणाच्या शेवटच्या तीन ओळींत. तिथे अवयव, अपूर्णांक नाहीतर करणी असते. दहावीची बीजगणित आणि भूमितीची लेखी परीक्षा 40-40 गुणांची, शिवाय 20 गुण अंतर्गत. प्रश्नांचे साचे ठरलेले असतात, त्यामुळे हात कच्चा असला तरी सराव पक्का असेल तर गुण मिळून जातात. अकरावीत साचा बदलतो आणि कच्चा हात उघडा पडतो.

तुझा हात कसा आहे ते बघायला कोऱ्या कागदावर ही चार उदाहरणं 15 मिनिटांत सोडव. वही-पुस्तक बंद.

1) (क्ष³ − 8) ÷ (क्ष² − 4) सोपं रूप द्या.
2) क्ष² + य² − 4क्ष + 6य − 12 = 0 हे पूर्ण वर्गांच्या रूपात लिहा.
3) √(क्ष + 3) = क्ष − 3 सोडवा.
4) 1/क्ष > 2 असेल तर क्षच्या किमती कोणत्या?

पहिल्यात वर (क्ष − 2)(क्ष² + 2क्ष + 4), खाली (क्ष − 2)(क्ष + 2). उरतं (क्ष² + 2क्ष + 4) ÷ (क्ष + 2). अकरावीत हेच उदाहरण ‘क्ष 2 कडे जाताना’ असे शब्द लावून लिमिटच्या धड्यात येतं; 2 ठेवला की 12/4, म्हणजे 3. नवीन भाग एका ओळीचा, बाकी आठवी-नववी.

दुसऱ्याचं (क्ष − 2)² + (य + 3)² = 25 होतं. हे वर्तुळ आहे : केंद्र (2, −3), त्रिज्या 5. पूर्ण वर्ग करण्याची पद्धत दहावीत वर्गसमीकरणापुरती करून मुलं सोडून देतात, आणि पुढे वर्तुळ, पॅराबोला, एलिप्स या सगळ्यांत ती रोज लागते.

तिसऱ्यात दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष² − 7क्ष + 6 = 0, म्हणून 1 आणि 6. बरेच जण इथे थांबतात. पण 1 मूळ समीकरणात ठेवून बघ : डावीकडे 2, उजवीकडे −2. वर्ग करताना चिन्हातला फरक पुसला जातो आणि खोटं उत्तर आत शिरतं. उत्तर फक्त 6.

चौथ्याचं उत्तर ‘क्ष < 1/2’ असं आलं असेल तर चुकलं. −5 हा 1/2 पेक्षा लहानच आहे, पण 1/(−5) काही 2 पेक्षा मोठा नाही. असमानतेला क्षने गुणताना क्ष धन की ऋण हे माहीत नसतं, आणि ऋण असेल तर चिन्ह उलटतं. खरं उत्तर 0 < क्ष < 1/2.

दोन किंवा जास्त चुकली तर पहिले तीन आठवडे रोज पाऊण तास एवढंच कर : आठवीतली विस्तार सूत्रं आणि अवयव, नववीतल्या करणी (छेदाचं परिमेयीकरण धरून) आणि बहुपदी, दहावीची वर्गसमीकरणं. रोज 12 ते 15 उदाहरणं, एकही ओळ न गाळता. चारही बरोबर आली असतील तर एक आठवडा पुरे.

पुढचे दोन आठवडे त्रिकोणमितीला. दहावीत कोन काटकोन त्रिकोणातला, लघुकोन. अकरावीत तो एकक वर्तुळावर (त्रिज्या 1 असलेल्या) फिरतो; साइन 150° म्हणजे 1/2, पण कोसाइन 150° म्हणजे −√3/2. चारही चरणांतली चिन्हं आणि अंश-रेडियन रूपांतर (रेडियन हे कोन मोजण्याचं दुसरं एकक; 180° = π रेडियन) तोंडपाठ हवं. इथली नेहमीची चूक : 2 साइन क्ष · कोसाइन क्ष = कोसाइन क्ष. मुलं दोन्हीकडून कोसाइन क्ष उडवतात आणि 0° ते 360° मध्ये 30°, 150° अशी दोनच उत्तरं देतात. कोसाइन शून्य असू शकतो, मग त्याने भागता कसं येईल? एका बाजूला घेऊन सामाईक काढला की 90° आणि 270° ही राहिलेली दोन मिळतात.

उरलेल्या दिवसांत अकरावीच्या भाग 2 मधला संच आणि संबंध हा धडा वाच, मग फंक्शनचा. बाकी कॉलेजात.

प्रश्न : मुलगी मराठी माध्यमात शिकली. अकरावी विज्ञानचं गणित इंग्रजीत असेल. शब्दांची यादी पाठ करून घेऊ का? (पालक, मिरज)

संज्ञांची यादी लागेलच, पण तिची फार चिंता करू नका. छेदक, स्पर्शिका, करणी यांचे इंग्रजी शब्द महिन्याभरात तोंडी बसतात. घात होतो तो साध्या शब्दांनी : ‘अ‍ॅट लीस्ट’, ‘अ‍ॅट मोस्ट’, ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘इफ अँड ओन्ली इफ’. या शब्दांवर उदाहरणाची अख्खी मांडणी ठरते.

एक बघा. 5 मुलगे, 4 मुली. तिघांची समिती, त्यात ‘अ‍ॅट लीस्ट’ एक मुलगी. कित्येकांची पद्धत अशी : आधी 4 पैकी एक मुलगी निवडली, मग उरलेल्या 8 जणांतून दोघं, 4 × 28 = 112. चूक. कारण ज्या समितीत दोन मुली आहेत ती दोनदा मोजली गेली (आधी ही निवडून मग ती, आणि उलट), तीन मुलींची तीनदा. बरोबर रीत म्हणजे 9 जणांतून तिघं निवडण्याचे 84 प्रकार, त्यातून फक्त मुलग्यांचे 10 वजा, उत्तर 74. पडताळाही घ्या : एक मुलगी असलेल्या 40, दोन असलेल्या 30, तीन असलेल्या 4. बेरीज 74.

मुलीला सुट्टीत रोज पाच शाब्दिक उदाहरणं इंग्रजीतून वाचून मराठीत तोंडी सांगायला लावा. सोडवायची नाहीत, फक्त ‘काय दिलंय, काय विचारलंय’ एवढंच.

प्रश्न : क्लासवाले सुट्टीतच डिफरन्सिएशन-इंटिग्रेशन उरकतात. मागे पडू नये म्हणून घालावं का? (पालक, नाशिक)

भौतिकशास्त्रात वेग-त्वरण शिकवताना पहिल्याच महिन्यात डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) लागतं, तेवढ्यापुरती सूत्रं दोन-तीन दिवसांत येतात. ती जरूर शिकावीत. त्यापलीकडे घाई नको. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात इंटिग्रेशन बारावीला आहे. आलेखच नीट न काढता येणाऱ्या मुलाला ते सूत्रांचा ढीग वाटतं.

त्याऐवजी त्याला आलेखवहीत हाताने दहा आलेख काढू द्या : क्ष², √क्ष, 1/क्ष, |क्ष|, आणि मग त्यांचेच सरकवलेले. (क्ष − 2)² चा आलेख उजवीकडे सरकतो की डावीकडे? वजा दिसलं म्हणून बहुतेक मुलं डावीकडे नेतात. कंस शून्य कुठे होतो ते बघितलं, तर तळ क्ष = 2 वर, म्हणजे उजवीकडे. मोबाइलवरच्या अ‍ॅपने आलेख पडताळायला हरकत नाही, पण काढून झाल्यावर.

उलट दिशेची एक चूकही दिसते. सीईटीत अकरावीचा वाटा साधारण 20 टक्के, म्हणून ते वर्ष सैल सोडायचं. जेईई मेनला असा हिशेब चालत नाही. आणि बारावीचे त्रिकोणमितीय फंक्शन, रेषांची जोडी, डिफरन्सिएशन हे धडे अकरावीवरच उभे आहेत.

प्रश्न : अकरावीत आहे. सर शिकवतात तेव्हा सगळं समजतं, घरी एकही उदाहरण सुटत नाही. (विद्यार्थिनी, चिपळूण)

फळ्यावर उदाहरण सुटताना पाहिलं की पुढची ओळ आपसूक पटते. पण ती ओळ कोणती घ्यायची हा निर्णय सरांनी घेतलेला असतो, तुला त्याचा सराव झालेला नसतो. म्हणून सोडवलेलं उदाहरण वाचू नकोस, झाक. फक्त प्रश्न वाचून 15 मिनिटं झगड, अडलीस तर एकच ओळ उघड आणि पुन्हा झाक. कुठल्या ओळीला अडलीस त्यावर खूण कर, आणि तेच उदाहरण तीन दिवसांनी कोऱ्या कागदावर कर.

चुकांसाठी वेगळी वही ठेव. तिथे ‘सिली मिस्टेक’ असं लिहायचं नाही. ‘वजा कंसात शिरलं नाही’, ‘√क्ष² ला |क्ष| ऐवजी क्ष लिहिलं’ असं नेमकं लिही. पंधरवड्यात दिसेल की चुका पाच-सहाच प्रकारच्या आहेत.

प्रश्न : कॅल्क्युलेटरच्या जमान्यात लॉग टेबल शिकायची गरज आहे का? (विद्यार्थी, मडगाव, महाराष्ट्र मंडळाच्या कॉलेजात प्रवेश घेणार)

आहे. महाराष्ट्र मंडळाच्या बारावीच्या गणिताच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. रसायनशास्त्र-भौतिकशास्त्रातही ते हाताशी लागतं. एकाच ठिकाणी सांभाळ. 0.0437 चा लॉग काढताना कॅरॅक्टरिस्टिक (लॉगचा पूर्णांक भाग) −2, आणि टेबलातून 437 समोर 6405. याचा अर्थ −2 + 0.6405, म्हणजे −1.3595. वजाचं चिन्ह फक्त 2 चं असतं, म्हणून ते त्याच्या डोक्यावर आडव्या रेघेने दाखवतात. −2.6405 असं लिहिलंस तर पुढचं सगळं चुकतं. आठवडाभर रोज पाच गुणाकार आणि पाच भागाकार टेबलाने कर, तेवढं पुरतं.