भाच्याच्या औषध-व्यापारात 18 लाख गुंतवावेत का?

प्रश्न : मी 63 वर्षांचा असून जुळे सोलापुरात राहतो. अक्कलकोट रोडवरील यंत्रमागाचा कारखाना विकून 45 लाख रुपये हाती आले. भाचा स्पेन-ग्रीसमधून औषधे आणून जर्मनीत विकणारी कंपनी काढत आहे. तिच्यात 18 लाख रुपयांचे भाग घ्यावेत का? हा धंदा कायदेशीर आहे ना?

उत्तर : धंदा कायदेशीर आहे, याबद्दल आपण निश्चिंत असावे. औषध बनवणाऱ्या कंपनीने स्वतः किंवा तिच्या संमतीने इतर कुणी युरोपीय सामायिक बाजारात एकदा औषध विकले, की पेटंटच्या जोरावर त्याची पुढची ने-आण अडवता येत नाही, हे युरोपीय न्यायालयाने 1974 सालच्या सेंट्राफार्म खटल्यात ठरवून दिले. स्पेन-ग्रीसमधील कमी दर आणि जर्मनीतील चढा दर यांच्यातील फरकावर असा समांतर आयातदार जगतो.

मला काळजी वाटते ती पुरवठ्याची. ज्या सूतगिरणीकडून आपण सूत घेत होता, तीच आपली प्रतिस्पर्धी असती आणि किती सूत सोडायचे हेही तीच ठरवत असती, तर आपण मागांवर किती भांडवल घातले असते, याचा विचार करावा. औषध कंपन्या नेमके हेच करतात. बायरने स्पेन आणि फ्रान्समधील घाऊक व्यापाऱ्यांना अडालाट हे औषध तिथल्या गरजेपुरतेच देऊन ब्रिटनकडे जाणारा माल रोखला, आणि हा तिचा एकतर्फी निर्णय आहे, व्यापाऱ्यांशी केलेला बेकायदा करार नव्हे, असे न्यायालयाने 2004 मध्ये मान्य केले. ग्रीसमधील ग्लॅक्सोस्मिथक्लाइनच्या प्रकरणात 2008 मध्ये न्यायालयाने बाजारात वर्चस्व असलेल्या कंपनीला नेहमीच्या मागण्या नाकारण्यास मनाई केली खरी, परंतु नेहमीपेक्षा फार मोठ्या मागण्यांपासून स्वतःचे हित जपण्याची मुभाही दिली. नव्या व्यापाऱ्याला ‘नेहमीची मागणी’ दाखवायला जुने खातेच नसते, हे भाच्याने ध्यानात घेतले आहे का, ते जरूर विचारावे.

याहून परिणामकारक उपाय शांतपणे केला जातो. कंपनी छापील दर सर्व देशांत जवळजवळ सारखा ठेवते आणि स्वस्त देशाच्या सरकारला गोपनीय सवलत परस्पर देते. ती व्यापाऱ्यापर्यंत पोहोचत नसल्याने त्याच्यासाठी दरातला फरकच उरत नाही. स्वस्त देशात नवे औषध उशिरा आणणे किंवा मधला व्यापारी वगळून थेट औषध दुकानांना माल देणे हेही चालते. शिवाय फेब्रुवारी 2019 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांच्या खोक्यावर स्वतंत्र सांकेतिक क्रमांक आणि छेडछाड उघड करणारे सील बंधनकारक आहे. जर्मन भाषेत वेष्टन बदलताना आयातदाराला हे सर्व स्वखर्चाने पुन्हा करावे लागते.

आता आपल्या रकमेकडे पाहू. एका आर्थिक वर्षात 10 लाखांच्या वर परदेशी पाठवलेल्या अशा रकमेवर बँक 20 टक्के कर आगाऊ गोळा करते. आपल्या बाबतीत तो 1 लाख 60 हजार होईल; विवरणपत्र भरल्यावर तो वळता होतो, पण तोवर अडकून राहतो.

माझ्या मते 18 लाख घालू नयेत. बुडाले तरी घरखर्चाला आणि औषधपाण्याला धक्का लागणार नाही अशी, फार तर 4 लाखांची रक्कम भागभांडवल म्हणून द्यावी, आणि भाच्याच्या कर्जाला जामीन मुळीच राहू नये. उरलेल्यापैकी 30 लाखांपर्यंत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवता येतात. त्यांचे व्याज दर तिमाहीस मिळते. रक्कम पाठवण्यापूर्वी भाच्याकडून दोन घाऊक पुरवठादारांचे लेखी करार मागवून घ्यावेत. ते मिळाले नाहीत, तर 4 लाखही थांबवावेत.