इंका वाटेला निघण्यापूर्वी

कोल्हापूर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

पेरूमधल्या इंका वाटेने इंकांच्या माचू पिच्चू या जुन्या डोंगरी नगरीला चालत जाण्याचे तुमच्या गटाचे ठरले आणि परवानेही हाती आले, हे वाचून मनापासून आनंद झाला. गाइड, हमाल आणि प्रवासी धरून दिवसाला ५०० माणसांनाच या वाटेवर सोडतात, त्यामुळे सगळ्यांना एकाच तारखेचे परवाने मिळणे सोपे नव्हते. परवान्यावरचा पासपोर्ट क्रमांक प्रत्येकाने स्वतः पडताळून पाहावा.

पन्हाळा ते पावनखिंड तू भर पावसात चिखल तुडवत सहज चालतोस, आणि मला काळजी वाटते ती नेमकी याचीच. पायांतली ताकद वेगळी आणि विरळ हवेची सवय वेगळी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, आपले कळसूबाई १,६४६ मीटर. तुमचे विमान मात्र थेट ३,४०० मीटरवरच्या कुस्कोत उतरेल आणि वाटेवरची सर्वांत उंच खिंड ४,२१५ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो, म्हणजे प्रत्येक श्वासातून मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच कमी. शरीर याच्याशी हळूहळू जुळवून घेते. इथे कितीही जोर-बैठका मारल्या तरी ती सवय आधी लावून घेता येत नाही.

म्हणून चालायला सुरुवात करण्यापूर्वी तीन-चार दिवस तिथे पोहोचा. विमानतळावरून कुस्कोत मुक्काम न करता पहिल्या रात्री २,८०० मीटरवरच्या ओयान्तायताम्बोला उतरलात, तर शरीरावरचा ताण कमी होईल. विरळ हवेच्या त्रासावरच्या गोळ्या घ्यायच्या की नाही, हे इथल्या डॉक्टरांना भेटून, औषधांची ॲलर्जी असेल तर ती सांगूनच ठरवावे. कोकाच्या पानांचा चहा तिथे सर्रास मिळतो, पण ती पाने आठवण म्हणूनही सोबत आणू नका. आपल्याकडे तो गुन्हा आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. गटात दुखणे लपवले जाते. आपल्यामुळे इतरांचा खोळंबा नको, या भल्या भावनेनेच लपवले जाते. दुसऱ्या दिवशी सुमारे ३,००० मीटरवरून तुम्ही ती मोठी खिंड चढाल आणि पलीकडे पाकायमायोच्या दरीत उतराल. त्या मुक्कामाच्या मागे ती खिंड आणि पुढे जवळजवळ ३,९५० मीटरची दुसरी, म्हणजे तिथून सुटायचे तर पुन्हा चढावेच लागते. त्यामुळे डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा चक्कर येत असेल, तर ते पहिल्या मुक्कामीच, निदान खिंड चढण्याआधी गाइडला सांगितले पाहिजे. चालताना झोक जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ दिसला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर उजाडण्याची वाट न पाहता माणसाला खाली न्यावे. तू गटात सर्वांत दमदार आहेस, तेव्हा तू सर्वांत मागे चाल आणि विचारपूस करत राहा. पुढे धावणारा माणूस हे काहीच पाहू शकत नाही.

हमालाच्या पाठीवर २० किलोहून अधिक ओझे द्यायचे नाही, असा तिथला नियम आहे. तुमच्या बॅगा घरीच काट्यावर मोजा.

तिसऱ्या दिवशी पाय थकलेले असतील, तरी विन्याय वायना या इंकांच्या वस्तीचे अवशेष पाहणे टाळू नका, ते मुक्कामाजवळच आहेत. डोंगरउतारावर एकाखाली एक उतरत गेलेल्या त्या शेतपायऱ्या पाहिल्या, की माचू पिच्चूतल्या पायऱ्या समजायला सोप्या जातील. माचू पिच्चूला वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पंधराव्या शतकातल्या कारागिरांनी तिथल्या पायऱ्यांच्या पोटात दगड आणि खडी भरून पाणी जिरवले, शिवाय चर काढून ते वाहून नेले, म्हणून डोंगर ढासळला नाही. पावसाच्या मुलखात वाढलेल्या तुझ्या डोळ्यांना हे चर दिसलेच पाहिजेत. भिंतींचे फोटो सगळेच काढतात.

दगडी पायऱ्यांची उतरण गुडघ्यांना फार छळते, तेव्हा जोतिबाच्या पायऱ्या पाठीवर सॅक घेऊन चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव अधिक कर. डॉक्टरांना भेटून आलास, की त्यांनी काय सांगितले ते मला कळव.

तुझा,
काका