वाचकांचे प्रश्न : लॉटी डॉड, पाच विजेतेपदे आणि खालून केलेली सर्व्हिस

प्रश्न : विम्बल्डन टेनिस स्पर्धेची वयाने सर्वांत लहान विजेती कोण? सामान्यज्ञानाच्या एका पुस्तकात मार्टिना हिंगिस आहे, दुसऱ्यात लॉटी डॉड. (मिरज)

उत्तर : दोन्ही बरोबर, पण प्रकार वेगळे. एकेरीचा विक्रम इंग्लंडच्या डॉडचा. 1887 साली ती जिंकली तेव्हा तिचे वय 15 वर्षे 285 दिवस होते. हिंगिसने 1996 मध्ये दुहेरी जिंकली ती 15 वर्षे 282 दिवसांची असताना. तेव्हा प्रश्नात ‘एकेरी’ हा शब्द आहे का, ते आधी पाहा.

प्रश्न : डॉड 1887, 1888, 1891, 1892 आणि 1893 साली जिंकली. मधल्या दोन वर्षी तिला कोणी हरवले? (ठाणे)

उत्तर : कोणीच नाही. ती खेळायलाच आली नाही. त्या काळी स्त्रियांच्या एकेरीत ‘चॅलेंज राउंड’ होता, 1886 ते 1921 पर्यंत. गतविजेती थेट शेवटच्या सामन्याला उतरे. बाकीच्या खेळाडू आपसांत खेळून एक आव्हानवीर ठरवत. गतविजेती आलीच नाही, तर आव्हानवीराला न खेळताच किताब मिळे. 1889 मध्ये तो असा ब्लांश हिलयार्डकडे गेला. 1890 मध्ये हिलयार्ड नव्हती आणि रिंगणात मिळून चौघीच होत्या. आयर्लंडची लीना राइस जिंकली. पुढच्या वर्षी राइस आली नाही आणि किताब पुन्हा डॉडकडे आला. म्हणून जुन्या याद्या वाचताना ‘अमुक साली विजेती’ आणि ‘अमुकला हरवून विजेती’ यांत गल्लत करू नये.

पाचही वेळा शेवटचा सामना मात्र त्याच हिलयार्डशी झाला (लग्नापूर्वीचे आडनाव बिंग्ले). 1887 मध्ये 6-2, 6-0. 1892 मध्ये 6-1, 6-1. शेवटच्या वर्षी मात्र पहिला सेट गेला : 6-8, 6-1, 6-4.

एवढा फरक पडे तो नेटजवळच्या खेळामुळे. बहुतेक बायका बेसलाइनवर (मैदानाच्या मागच्या रेषेवर) उभ्या राहून चेंडू परतवत. डॉड पुढे येऊन व्हॉली मारी (टप्पा पडण्याआधीच चेंडू परतवी), डोक्यावरून स्मॅश करी. 1882 पासून नेट खांबांपाशी साडेतीन फूट आणि मध्ये तीन फूट असे खाली आले होते, त्यामुळे पुढे आलेल्याच्या बाजूने चेंडू काढणे मागच्याला सोपे झाले होते; तरी तिचा हा खेळ चाले. त्यात ती शाळकरी वयाची, म्हणून स्कर्ट पोटरीपर्यंतच. मोठ्या बायकांचा घोट्यापर्यंत लोळणारा, आणि कमरेला आवळलेला कॉर्सेट. अशा वेषात मागे वळून चेंडू गाठायचा म्हणजे शिक्षाच!

पैशाचा प्रश्न अनेकांनी विचारला आहे. खेळ हौशी असल्याने रोख बक्षीस नव्हते. वडिलांनी लिव्हरपूलच्या कापूस दलालीत कमावून ठेवले होते, त्यामुळे पोटापाण्याची चिंताही नव्हती. एकविसाव्या वर्षी विम्बल्डन सोडून ती हॉकीत इंग्लंडकडून खेळली, 1904 मध्ये ट्रून येथे ब्रिटिश महिला हौशी गोल्फ स्पर्धा जिंकली आणि 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिरंदाजीत रौप्यपदक मिळवले.

प्रश्न : डॉड खालून सर्व्हिस करत असे. आज मुलीने तशी केली तर पंच फॉल्ट (चुकीची सर्व्हिस) देतील का? (कोल्हापूर)

उत्तर : नाही. नियमात हात वर हवा असे कुठेच नाही. चेंडू हातातून सोडायचा आणि जमिनीला लागण्यापूर्वी मारायचा, इतकेच. चेंडू आधी टप्पा पडू दिलात तर फॉल्ट. मारायला रॅकेट फिरवली आणि चेंडू हुकला, तरी फॉल्ट. मात्र सोडलेला चेंडू न मारता नुसता पडू दिला, तर पुन्हा सर्व्हिस करता येते. पाय बेसलाइनला लागला की फूट-फॉल्ट, हे वरच्या सर्व्हिससारखेच.

खालून सर्व्हिस करताना रॅकेटची पकड हातोडीसारखी ठेवा. चेंडू कमरेच्या उंचीवरून, शरीरापासून हातभर पुढे सोडा. रॅकेट चेंडूच्या खालून तिरकी घासून न्या, म्हणजे फिरकी बसते आणि टप्पा बुटका पडतो. नवख्यांची चूक एकच : नेट ओलांडायच्या धास्तीने चेंडू उंच उचलतात. उंच चेंडू संथपणे येतो, टप्पा छातीपर्यंत उडतो आणि समोरचीला पुढे येऊन जोरात मारायला भरपूर वेळ मिळतो. समोरची बेसलाइनच्या खूप मागे उभी असेल तेव्हाच ही सर्व्हिस वापरा.